आवडले, पण का आवडले?

पुस्तक, चित्रपट आणि गाणे या तीन गोष्टींविषयी मत नसलेला मनुष्य आपल्या समाजात विरळाच. औषधाविषयी आपण डॉक्टरांस विचारतो, भिंतीविषयी गवंड्याचे ऐकतो, पिकाविषयी जाणत्या शेतकऱ्यापुढे जपून बोलतो. परंतु चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरेपर्यंत आपला निकाल तयार झालेला असतो. ‘फारच सुंदर’ अथवा ‘अगदी टाकाऊ’! या दोन टोकांच्या मध्ये काही असू शकते, हे आपल्या गावीही नसते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. मत द्यायला पैसे पडत नाहीत आणि त्याने कोणाचे नुकसानही होत नाही. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. नुकसान होते, आणि ते बहुधा आपल्याच घरात होते. सायंकाळी मुलगा आपल्या आवडीचे गाणे लावतो. वडील म्हणतात, “हे काय गाणे म्हणायचे?” मुलगा म्हणतो, “तुम्हांला त्यातले काही कळायचे नाही.” संवाद येथेच संपतो. दोघांनीही मत दिले, पण कारण कोणीच सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. आपल्याला एखादे गाणे का आवडते हे ज्या मुलाला वडिलांजवळ सांगता येत नाही, तो मुलगा उद्या त्याहून अवघड गोष्टी त्यांच्याजवळ बोलेल, ही आशा कशाच्या बळावर धरावी? नोकरीतील अपमान, मैत्रीतील फसवणूक, श्रद्धेविषयीची शंका या गोष्टी बोलण्याची सवय गाण्याविषयी आणि गोष्टीविषयी बोलण्यातूनच लागते. म्हणून हा विषय दिसतो तितका करमणुकीचा नाही.

आजकाल तर मत बनविण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. चित्रपट लागण्यापूर्वीच त्याला पाचांपैकी किती तारे मिळाले हे मोबाइलच्या पडद्यावर दिसते. न वाचलेल्या पुस्तकावरचा संताप एका गटातून दुसऱ्या गटात जातो. आपण तो पुढे पाठवितो आणि त्यालाच आपले मत समजतो. पुढे पाठविलेली वस्तू आपली कशी होईल? टपाल वाटणारा मनुष्य पत्राचा लेखक नसतो.

तयार मतांची सोय

तयार मतांवर विसंबण्याची ओढ काही आजची नव्हे, आणि आपणां कॅथलिकांस तर तिचा इतिहास विशेष परिचयाचा असावयास हवा. सन १५५९ मध्ये पोप चौथे पॉल यांच्या कारकीर्दीत निषिद्ध ग्रंथांची सूची रोमहून प्रसिद्ध झाली. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. शेवटची १९४८ मध्ये निघाली. छापखान्याच्या आरंभीच्या काळात जे वादळ उठले त्यात साध्या भाविकाचे रक्षण व्हावे, हा तिचा हेतू होता. आईने लेकराच्या हातातून सुरी काढून घ्यावी, तसा तो हेतू. त्याची थट्टा करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

परंतु सूचीने काय साधले आणि काय साधले नाही, हेही पाहिले पाहिजे. व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी १८६२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी ती सूचीत गेली आणि १९५९ पर्यंत तेथेच राहिली. आता या कादंबरीत काय आहे? तुरुंगातून सुटलेल्या, सर्वांनी झिडकारलेल्या एका मनुष्याला एक वृद्ध बिशप आपल्या घरी जेवू घालतो. तो मनुष्य त्याच घरातील चांदीची भांडी चोरून पळतो. शिपाई त्याला पकडून आणतात, तेव्हा बिशप म्हणतो की ती भांडी मीच दिली होती, आणि वर चांदीच्या मेणबत्तीदाण्याही त्याच्या हवाली करतो. क्षमेने मनुष्य कसा नवा होतो याचे इतके प्रभावी चित्र साहित्यात क्वचितच सापडेल. तरीही जवळजवळ शंभर वर्षे हे पुस्तक निषिद्धांच्या यादीत होते. यादी पाहून मत बनविणाऱ्याला त्या बिशपची भेट घडलीच नसती.

दुसरे उदाहरण ग्रॅहॅम ग्रीन यांचे. १९२६ मध्ये कॅथलिक झालेल्या या इंग्रज लेखकाची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ ही कादंबरी १९४० मध्ये निघाली. मेक्सिकोत धर्मगुरूंचा छळ चालला असता दारूच्या आहारी गेलेला, व्रतभंग केलेला एक धर्मगुरू लपतछपत फिरतो. तो भित्रा आहे, पापी आहे, तरी मरणाऱ्याला संस्कार देण्यासाठी परत फिरतो आणि पकडला जातो. धर्मगुरूचे असे चित्र रोममधील काही अधिकाऱ्यांस रुचले नाही. १९५० च्या दशकात त्यांनी लंडनच्या कार्डिनलांमार्फत लेखकाकडे फेरफाराची मागणी केली. ग्रीन यांनी फेरफार केला नाही. पुढे १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांची व त्यांची भेट झाली. पोपमहाशयांनी ती कादंबरी वाचली होती. ग्रीन यांच्या लेखनातील काही भाग काही कॅथलिकांस नेहमीच खुपणार, त्याकडे लक्ष देऊ नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता, असे ग्रीन यांनी नमूद केले आहे. अधिकाऱ्यांचे मत आणि पोपमहाशयांचे मत एकाच पुस्तकाविषयी निरनिराळे होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुढच्याच वर्षी, जून १९६६ मध्ये, त्या सूचीचे कायद्याचे बळ काढून घेण्यात आले. अनेकांनी याचा अर्थ ‘आता काहीही वाचावे’ असा केला. आमच्या मते अर्थ उलटा आहे. जी जबाबदारी चार शतके रोममधील एका कचेरीने वाहिली, ती त्या दिवशी प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी येऊन पडली. आता विवेक आपला आणि श्रमही आपलेच. वाचावे लागेल, पाहावे लागेल, ऐकावे लागेल, आणि मग कारणासह बोलावे लागेल.

हे कसे करावे, याची नुसती सूत्रे सांगून उपयोग नाही. म्हणून एक पुस्तक, एक चित्रपट आणि एक गायक घेऊन आमचे स्वतःचे मत आम्ही येथे मांडतो. वाचकांनी ते मान्य केलेच पाहिजे असा आग्रह नाही. किंबहुना ते तपासून पाहावे म्हणूनच मांडतो आहोत.

पुस्तक: ‘स्मृतिचित्रे’

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मल्या. शाळेचे शिक्षण नाही. बालवयातच कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी या घटनेचा अर्थ असा होता की, पती हयात असताना पत्नीचा संसार मोडला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पूर्ण केले. त्या स्वतः १९३६ मध्ये निवर्तल्या.

या पुस्तकाविषयी पुष्कळांचे मत ते उघडण्यापूर्वीच झालेले असते. ख्रिस्ती घरात ते ‘आपले पुस्तक’ म्हणून गौरविले जाते, अन्य एखाद्या घरात ‘धर्मांतराचे पुस्तक’ म्हणून बाजूला ठेवले जाते. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट होते, म्हणून एखादा कॅथलिक वाचकही त्याला परके मानील. तिघेही वेष्टनावरची चिठ्ठी वाचतात. आतली वस्तू तशीच राहते.

आमचे मत असे की, या पुस्तकाचे मोठेपण त्यातील धर्मांतरात नाही, लेखिकेच्या दृष्टीत आहे. ज्या पतीने आपल्याला न सांगता सवरता आयुष्याची दिशा बदलली, त्याच्याविषयी तक्रार करण्याचा संपूर्ण अधिकार या बाईंना होता. त्यांनी दुःख लपविलेले नाही; परंतु त्या दुःखाचे भांडवलही केलेले नाही. टिळकांचा शीघ्रकोप, त्यांचा विसराळूपणा, हातात पैसा न टिकण्याची त्यांची रीत हे सारे त्या हसत हसत सांगतात, आणि त्याच ओघात त्यांचे थोरपणही वाचकाच्या मनात उभे करतात. पती देव होता असे त्या म्हणत नाहीत आणि दुष्ट होता असेही म्हणत नाहीत. तो माणूस होता, आणि आपण त्याच्याबरोबर संसार केला, एवढेच सांगतात. जातिभेदाची गाठ स्वतःच्या मनातून कशी सुटत गेली, हे सांगतानाही त्यांचा स्वर उपदेशाचा होत नाही. भाषा तर अशी की, ओसरीवर बसून भाजी निवडताना कोणी बोलावे. न शिकलेल्या बाईने लिहिले म्हणून नव्हे, तर बोलण्याची लय लिहिण्यात आणणे हे शिकलेल्यांसही क्वचित साधते म्हणून आम्ही या गद्याला मानतो.

आमच्या मताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टिळकांच्या मृत्यूनंतरचा भाग आम्हांस पूर्वीच्या भागाइतका घट्ट विणलेला वाटत नाही. प्रसंग येतात आणि जातात; पूर्वी दोन माणसांच्या ओढाताणीतून जो ताण निर्माण होत होता तो ओसरतो. कोणी म्हणेल की, जोडीदार गेल्यावर आयुष्य असेच सैल होते, म्हणून लेखनही तसे झाले. हा प्रतिवाद आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. हे पुस्तक इंग्रजीत १९५० मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये आले. ज्यांच्या घरातील मुले मराठी अडखळत वाचतात, इंदूर-हैदराबादकडे अशी घरे थोडी नाहीत, त्यांनी मुलांच्या हाती इंग्रजी प्रत द्यावी, पण चार पाने मराठीतून मोठ्याने वाचून दाखवावीत.

चित्रपट: ‘संत तुकाराम’

चित्रपटाविषयी बोलताना आमची नेहमीची गल्लत अशी होते की, विषय चांगला असला म्हणजे चित्रपट चांगला, असे आम्ही धरून चालतो. संतांवरचा चित्रपट निघाला की त्याला नावे ठेवणे पाप वाटते. वस्तुतः भाविक विषयावर ढिसाळ चित्रपट काढणे हा त्या विषयाचाच अनादर होय. उलट एखादा चित्रपट कुशलतेने काढलेला असूनही मनावर वाईट संस्कार करणारा असू शकतो. ‘कसा केला आहे’ आणि ‘काय सांगतो’ हे दोन प्रश्न वेगळे विचारले पाहिजेत, आणि दोहोंची उत्तरे दिली पाहिजेत.

१९३६ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जून महिन्यात पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी परिपत्रक काढले, आणि देशोदेशीच्या बिशपांनी चित्रपटांची पारख करणारी कार्यालये काढावीत असे सुचविले. त्याच वर्षी पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एक हिंदू, एक मुसलमान, आणि चित्रपट वारकऱ्यांच्या संतावर! तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली, जिजाईची गौरी यांनी. संगीत केशवराव भोळे यांचे. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ मध्ये वेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले बीजाच्या रूपकाचे गीत पुष्कळांना तुकारामांचाच अभंग वाटले, ही हकीगत प्रसिद्ध आहे.

आता आमचे मत. ‘काय सांगतो’ या प्रश्नाचे उत्तर देताना ख्रिस्ती प्रेक्षकाला अडखळण्याचे कारण नाही. त्यातील चमत्कारांवर आपला विश्वास असो वा नसो, देवाच्या नामात रंगलेला निर्धन मनुष्य आणि त्याच्या निर्मळपणाने चिडलेला दांभिक पुरोहित ही जोडी आपल्याला शुभवर्तमानातून चांगली ठाऊक आहे. परंतु चित्रपटाचा प्राण आम्हांस तुकारामांत दिसत नाही. तो जिजाईत दिसतो. नवरा अभंगांत दंग, घरात दाणा नाही, पोर आजारी. अशी ती बाई मुलाला फरफटत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठ्ठलालाच जाब विचारते. हा प्रसंग पाहताना कोणाही आईच्या पोटात कालवेल. देवाशी भांडणारी ही बाई देवाला न मानणारी नव्हे. तो ऐकतो आहे असे मानते म्हणूनच ती भांडते. स्तोत्रसंहितेतील विलाप ज्याने वाचले आहेत त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. शेवटी तुकाराम वैकुंठास जातात आणि ती मुलाबाळांसह मागे राहते. संतपण कोणाचे अधिक, हा प्रश्न चित्रपट न विचारता विचारून जातो.

दोष सांगावयाचा तर, चमत्कारांची दृश्ये आज जुनी वाटतात, आणि तरुणांस त्यांचे हसू येते. परंतु आम्ही येथे तंत्राचा दोष धरीत नाही; त्या काळी ते कौशल्य नावाजण्यासारखेच होते. आमचा आक्षेप वेगळा आहे. खल पुरोहित सालोमालो इतका उघड खल आहे की, त्याला पाहून प्रेक्षकाला स्वतःतल्या ढोंगाची लाज वाटत नाही; तो केवळ हसतो. चांगल्या दुर्जनाने प्रेक्षकाला थोडे अस्वस्थ करावे, अशी आमची अपेक्षा असते. ज्यांना सालोमालोची विनोदी बाजूच अधिक रुचते त्यांच्याशी आमचे भांडण नाही. तरी त्यांनी आपले कारण अवश्य सांगावे.

येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ मध्ये, व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. या वेळची यादी पाहू नये अशांची नव्हती, पाहावे अशांची होती. धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन विभागांत प्रत्येकी पंधरा चित्रपट होते. त्यांत पाझोलिनी या दिग्दर्शकाचा संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील १९६४ चा चित्रपटही आहे. पाझोलिनी स्वतःला नास्तिक म्हणवीत. तो चित्रपट त्यांनी पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला होता. करणाऱ्याचे नाव पाहून कृतीचा निकाल लावू नये, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

गाणे: कुमार गंधर्व

संगीताविषयी बोलणे तिन्हींत अवघड. पुस्तकाला शब्द असतात, चित्रपटाला गोष्ट असते. गाण्यात कशाला धरून बोलावे? शिवाय गाणे आठवणीला चिकटलेले असते. आईने स्वयंपाक करताना गुणगुणलेले पद, लग्नाच्या मांडवात वाजलेली धून, थोरल्या भावाच्या अंत्यविधीला म्हटलेले गीत यांवर कोणी टीका केली की ती टीका त्या माणसावर झाल्यासारखी वाटते. घरोघरी गाण्यावरून होणारे वाद इतके तापतात, त्याचे कारण आमच्या मते हेच. म्हणून दुसऱ्याच्या गाण्याविषयी बोलण्यापूर्वी ‘हे तुला कोठे भेटले?’ असे एकदा विचारून घ्यावे. पुष्कळदा वाद तेथेच निवतो आणि गोष्ट सुरू होते.

कुमार गंधर्वांची गोष्ट आपल्या वाचकांना दोन्ही बाजूंनी जवळची आहे. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे झाला, आणि आयुष्य गेले इंदूरजवळच्या देवास येथे. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. लहानपणीच अद्भुत गाणारा मुलगा म्हणून ते गाजले; मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले. ऐन उमेदीत क्षयाने गाठले. १९४८ मध्ये हवापालटासाठी ते देवासला गेले, आणि पुढे काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. नवीन औषधाने ते बचावले, परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील बायाबापड्यांची गाणी ऐकली. जे ऐकले ते त्यांच्या रागांत उतरले. १९६५ मध्ये त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह निघाला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या गाण्याविषयी जाणकारांत दोन तट पडले. एक तट म्हणे, हा गायक कोणत्याही घराण्याची शिस्त पाळीत नाही, रागाची सावकाश बढत करीत नाही, तुकड्यातुकड्यांनी गातो. दुसरा तट म्हणे, यानेच रागाला पुन्हा जिवंत केले. काहींनी तर, एका फुप्फुसाच्या मनुष्याने आणखी कसे गावे, अशी कीव केली. ही कीव आम्हांस सर्वांत चुकीची वाटते. गायकाचे दुखणे ठाऊक असणे वेगळे, आणि ते ठाऊक आहे म्हणून त्याच्या गाण्याला झुकते माप देणे वेगळे.

आमचे मत हे. त्यांची कबिराची निर्गुणी भजने आम्हांस त्यांच्या साऱ्या गाण्यात श्रेष्ठ वाटतात. स्वर एकदम उंच फेकला जातो आणि तेथेच थांबतो. त्यानंतरची शांतता हीदेखील गाण्याचाच भाग होते. आमच्या ऐकण्यात असे स्वराने रिकामी जागा राखून ठेवणारे गायक फार थोडे आले आहेत. ज्याला मौनातील प्रार्थनेची थोडीफार सवय आहे त्याला हे गाणे परके वाटणार नाही. मात्र त्यांचे मोठे ख्याल ऐकताना घराणेवाद्यांचा आक्षेप आम्हांस अगदीच निराधार वाटत नाही. कधीकधी मनाला हवा असलेला सलग विसावा तेथे मिळत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण तो दोष की निराळी वाट, याचा निर्णय एकदा ऐकून होण्यासारखा नाही. तीन वेळा ऐकल्याखेरीज गाण्यावर मत देऊ नये, असा नियम आम्ही स्वतःपुरता घालून घेतला आहे.

कुमारांनीच या विषयात आपल्याला एक धडा घालून दिला आहे. बालगंधर्वांची पदे ते गात, तेव्हा त्या कार्यक्रमाला त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. बालगंधर्वांवर जीव टाकणारे हजारो लोक असताना ‘हेच खरे बालगंधर्व’ असे ते म्हणाले नाहीत. ‘मला उमजलेले’ असे म्हणाले. त्या दोन शब्दांत नम्रता आहे आणि धिटाईही आहे. मला जे उमजले ते मी सांगणार, पण ते मला उमजलेले आहे हे विसरणार नाही. प्रत्येक मताला हीच प्रस्तावना असावी.

घरात बोलावे कसे?

वरील तिन्ही मते देताना आम्ही ज्या गोष्टी पाळण्याचा यत्न केला त्या आता थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, कृती पुरती वाचल्या-पाहिल्या-ऐकल्याशिवाय निकाल नाही. अर्ध्यावर सोडली असल्यास तसे सांगावे; ‘मी पन्नास पानांनंतर थांबलो’ हेही प्रामाणिक मतच होय. दुसरी, ‘आवडले’ आणि ‘चांगले आहे’ यांत भेद करावा. न आवडलेली गोष्ट चांगली असू शकते, आणि आवडलेली गोष्ट सामान्य असू शकते. जिभेला रुचणारा प्रत्येक पदार्थ पौष्टिक कोठे असतो? तिसरी, स्तुती करताना एक उणीव आणि निंदा करताना एक गुण शोधून सांगावा. शोध घेताना पुष्कळदा मूळ मतच थोडे हलते, आणि ते हलणे आरोग्याचे लक्षण आहे. चौथी, कृतीविषयी बोलावे, ती आवडणाऱ्या मनुष्याविषयी नव्हे. ‘हे गाणे गोंगाटाचे आहे’ हे मत झाले. ‘असली गाणी ऐकणारे बिघडतात’ हा आरोप झाला.

आणि कुटुंबप्रमुखांस एक विशेष विनंती. घरी मिळून चित्रपट पाहिला की आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. प्रथम धाकट्याला बोलू द्यावे. एकदा मोठ्यांचा निकाल लागला की लहानांना बोलण्यासारखे काही राहत नाही. ते एकतर होकार देतात किंवा गप्प बसतात, आणि दोन्हींत त्यांच्या मनातले आपल्यास कळत नाही. सात वर्षांच्या मुलीने ‘मला ती म्हैस आवडली’ असे म्हटले तर हसू नये, ‘का गं?’ असे विचारावे. तिचे उत्तर कदाचित आपल्यालाच न दिसलेले काही दाखवून देईल.

तरुणांसही आमचे तितकेच आग्रहाचे सांगणे आहे. आईवडिलांच्या आवडीला ‘जुने’ म्हणणे हे मत नव्हे. ती केवळ तारीख झाली. ‘स्मृतिचित्रे’ नव्वद वर्षांचे झाले, म्हणून लक्ष्मीबाईंचे हसणे शिळे झाले काय? वडिलांचे एक गाणे तुम्ही मनापासून ऐका आणि तुमचे एक त्यांना ऐकवा. दोघांनीही ऐकून झाल्यावर एकेक कारण सांगावे. एकमत होईलच असे नाही, आणि त्याची गरजही नाही.

या आठवड्यात प्रत्येक घराने एक पुस्तक, एक चित्रपट अथवा एक गाणे निवडावे आणि जेवणानंतर अर्धा तास त्याविषयी बोलावे, एवढीच आमची सूचना आहे. त्या अर्ध्या तासात मोबाइल बाजूला ठेवावेत. तारे मोजण्याचे काम आकाशाकडे पाहणाऱ्यांस असू द्यावे. ‘आवडले’ असे कोणी म्हणाल्यास त्याला तेथेच सोडू नये. प्रेमाने, पण नेटाने विचारावे: का आवडले?